दोनदा खाकरून केलेलं रसग्रहण

उच्च माध्यमिक विद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली निदान पंचवीस वर्षं माझी खात्री होती की कविता समजावून सांगण्यात अख्ख्या डिचोली तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस नाही. हे मत माझं एकट्याचंच होतं, पण ठाम होतं. मध्यवर्ती कल्पना, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, असे चार कप्पे मी मुलांना करून द्यायचो. कुठलीही कविता आली की तिचे तुकडे करून त्या कप्प्यांत घालायचे आणि कप्पे बंद करायचे. साखरपुड्यानंतर बायकोनं मला एक पत्र लिहिलं होतं. त्याला मी लिहिलेल्या उत्तरात ‘पत्राचा शेवट परिणामकारक झाला आहे’ असं वाक्य होतं. ती ते अजून पाहुण्यांना सांगते.

निवृत्त झाल्यावर मी डिचोलीतल्या एका वाचक मंडळात जाऊ लागलो. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी, दुपारी चार वाजता, पंधरा-वीस माणसं जमतात. निवृत्त शिक्षक, एक औषधवाले, बँकेतल्या दोन बाई, एक दातांचे डॉक्टर. मंडळाची एक चांगली प्रथा आहे. कुणीतरी नवीन कविता पाठवायची, तिच्यावर नाव घालायचं नाही. चिटणीस ती एका सदस्याला आठवडाभर आधी देतात. त्यानं सगळ्यांसमोर रसग्रहण करायचं, आणि ते संपल्यावरच कवीचं नाव फोडायचं.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर माझी पाळी आली. चिटणीसांनी, म्हणजे त्या औषधवाल्यांनी, दुकानाच्या काउंटरवरूनच मला घडी केलेला कागद दिला. वर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, खाली कविता.

कवितेचं नाव होतं ‘वाटण’.

ती निघाली तेव्हा वरवंटा पिशवीत घातला,
पाटा तिथंच राहिला.
त्यानंतर दोन्ही घरांत
वाटण कधी बारीक झालं नाही.

वाटणी मात्र बारीक झाली.
भावाला अंगण, मला समुद्र.
भावाला बाबा सगळेच्या सगळे,
मला त्यांचं आडनाव, हजेरीपुरतं.

भावाला मिळालं बाबांचं खाकरणं :
महत्त्वाचं बोलायच्या आधी दोनदा,
आणि मग महत्त्वाचं न बोलणं.
मला मिळाली आईची सवय :
कुणी जायला निघालं की
आपणच आधी पाठ फिरवायची.

कागदावर सगळं अर्धं अर्धं आहे.
आम्हांला कुणी अर्धं केलं
ते कागदावर नाही.

इथं माझ्या घरची हकीकत सांगणं भाग आहे, म्हणजे माझ्या बुद्धीची उंची नीट कळेल. मी नऊ वर्षांचा आणि माझी बहीण सात वर्षांची असताना आमच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्या काळी आमच्याकडे असं फारसं होत नसे. वडील डिचोलीजवळच्या एका खाणीवर कारकून होते. आईचं माहेर पेडण्यातलं, हरमलचं. मी वडिलांकडे डिचोलीत राहिलो, बहिणीला आई हरमलला घेऊन गेली. मे महिन्यात मी पंधरा दिवस हरमलला जायचो. बहीण त्या वर्षांत डिचोलीला कधी आली नाही. आईनं पाठवलं नाही आणि वडिलांनी बोलावलं नाही. पुढं वडील गेले. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. तेव्हा वारसाच्या कागदांवर सह्या करायला आम्ही दोघं पेडण्याला एका कचेरीच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. बहीण काहीतरी विचारत होती, आईच्या वस्तूंबद्दल. मी म्हटलं, ‘‘भांडीकुंडी सगळी तूच ठेव गो.’’ मला ते फार उदार वाटलं होतं.

आता कुणीही म्हणेल की अंगण म्हणजे डिचोली, समुद्र म्हणजे हरमल, यात न कळण्यासारखं काय आहे? मलाही साम्य दिसलं, अगदी पहिल्याच वाचनात दिसलं. पण मी त्याचा अर्थ काय लावला, ते माझ्या टिपणवहीत निळ्या शाईत आहे : ‘वैश्विकता. कवितेतील अनुभव इतका सार्वत्रिक की प्रस्तुत समीक्षकाच्या वैयक्तिक आयुष्याशीही तो जुळतो.’ खाली दोन रेघा मारल्या आहेत. माझी बहीण हरमलला चार खोल्या पर्यटकांना भाड्यानं देते. वाणसामानाच्या यादीपलीकडे ती काही लिहीत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिसऱ्या कडव्यातला तो खाकरणारा भाऊ मला परका वाटला, इतकंच नव्हे, जरा हास्यास्पद वाटला. त्याच्यापुढं मी ‘पुरुषी अहंकाराचे नेमके चित्र’ असं लिहिलं.

कागद बायकोनंही वाचला. तिनं तो पुन्हा वाचला, मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

‘‘अहो, ही एकदा मोठ्यानं वाचून बघा घरात.’’

‘‘कशाला? लय मला मनातल्या मनात कळते.’’

‘‘लयीसाठी नाही म्हणत मी.’’

‘‘मग कशासाठी?’’

‘‘असू दे,’’ म्हणाली आणि फोन घेऊन मागच्या दारी गेली. तिकडून बराच वेळ तिचा हळू आवाज येत होता. मी वरवंट्याच्या प्रतीकात बुडालो होतो.

त्या रविवारी मी इस्त्रीचा कुडता घालून गेलो. सभागृहात पाहतो तर तिसऱ्या रांगेत माझी बहीण. हरमलहून दोन बस बदलून आलेली, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मंडळात ती पूर्वी कधी आली नव्हती. मला गहिवरून आलं. एवढ्या लांबून भावाचं भाषण ऐकायला आली बिचारी! मी तिच्याकडे पाहून मान हलवली. तिनंही हलवली. बायको तिच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघींनी एकमेकींचा हात धरला. तेही मी माझ्याच खात्यात जमा केलं.

मी सुरुवात जोरात केली. पाटा म्हणजे स्थिर तत्त्व, स्त्री. वरवंटा म्हणजे गतिमान तत्त्व, पुरुष. पण कवितेत वरवंटा स्त्री घेऊन जाते! म्हणजे कवीनं परंपरेला उलटं केलं आहे. दातांचे डॉक्टर लिहून घेत होते. ‘वाटण’ आणि ‘वाटणी’ यांतल्या श्लेषावर मी दहा मिनिटं घेतली. समुद्राला मी ‘अस्तित्वाचं अथांगपण’ म्हटलं. बहिणीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भारावली आहे.

मग तिसरं कडवं आलं. मी म्हणालो, ‘‘आता कवितेतला सर्वांत महत्त्वाचा भाग.’’ कागद वर धरला. दोनदा खाकरलो. आणि वाचलं, ‘‘भावाला मिळालं बाबांचं खाकरणं, महत्त्वाचं बोलायच्या आधी दोनदा...’’

आधी बँकेतल्या बाई हसल्या. मग मागची रांग. त्यांना वाटलं, मी मुद्दाम अभिनय करून दाखवला. चिटणीस तर ‘‘वा, वा!’’ म्हणाले. मी क्षणभर खूश झालो आणि पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्याच घशाचा आवाज मला ऐकू आला. तो माझा नव्हताच. खाणीवरून आल्यावर, आंघोळ करून, जनेलाशी बाहेर बघत बसून, मला काहीतरी सांगणार असल्यासारखे वडील जे खाकरायचे, ते हे होतं. त्यांनी सांगितलं कधीच काही नाही.

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायको खाली बघत होती. बहीण सरळ माझ्याकडे.

पुढची दहा मिनिटं मी काय बोललो ते मला इतरांकडून कळलं. ‘भाऊ’ या व्यक्तिरेखेला कवितेत आपली बाजू मांडायची संधी मिळालेली नाही, असं मी म्हणालो म्हणे. भाऊही तेव्हा नऊच वर्षांचा असणार, हे रसिकांनी ध्यानात घ्यावं, असंही म्हणालो. ‘‘नऊ कुठं लिहिलंय?’’ असं दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तर मी ‘‘अंदाजानं’’ म्हटलं. मध्ये घसा भरून आला तरी खाकरायची भीती वाटत होती, म्हणून पाणी पीत राहिलो. शेवटी सगळा तांब्या संपला आणि मी खाली बसलो.

चिटणीसांनी नावाचं पाकीट फोडलं आणि माझ्या बहिणीचं नाव वाचलं. टाळ्या झाल्या. आमचं नातं तिथं तिघाचौघांनाच ठाऊक होतं, पण त्यांनी ते दोन मिनिटांत सर्वांना ठाऊक केलं.

चहा खालच्या हॉटेलात होता. बायको मुद्दाम दुसऱ्या टेबलाशी बसली. बहिणीनं माझ्यासाठी भाजीपाव सांगितला आणि म्हणाली, ‘‘दादा, कविता मी जूनमध्ये पाठवलेली. तुझ्याकडे गेलीय ते मला ठाऊक नव्हतं. वयनीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मागे घेते. ती म्हणाली, राहू दे, होऊ दे एकदाचं.’’

‘‘मला आधी दाखवायची नाहीस?’’

‘‘दाखवलेली ना एकदा.’’

मला काही आठवेना. तिनं आठवण करून दिली. ती अकरावीत होती, मी कॉलेजात. तिनं मला पत्रातून एक कविता पाठवली होती, आईवर लिहिलेली. मी ती लाल शाईनं तपासून परत पाठवली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, एके ठिकाणी ‘कल्पना जुनी’, आणि खाली दहापैकी साडेपाच गुण.

‘‘साडेपाच?’’ मी विचारलं. का कोण जाणे, मला तो अर्धा गुण जास्त लागला.

‘‘साडेपाच. त्यानंतर तुला नाही दाखवलं काही. लिहीत होते मात्र.’’

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं, ‘‘पण ते वरवंट्याचं तुला कसं सुचलं?’’

तिनं कप खाली ठेवला. ‘‘सुचलं म्हणजे? आईनं नेलेला. पाटा-वरवंटा दोन्ही तिच्या माहेरचं. एका हातात मी, एका हातात पिशवी, म्हापशाला बस बदलायची. पुढं कधीतरी मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘पाटो जड आशिल्लो म्हणून थंयच दवरलो.’ बस, एवढंच. जड होता म्हणून ठेवला.’’

माझी स्थिर-गतिमान तत्त्वं बशीत सांडलेल्या चहासारखी माझ्यासमोर पडली होती.

‘‘आणि तो पाटा कुठं गेला मग?’’

‘‘आता ते मी सांगायचं? तुमच्या मागच्या दारी आहे ना. आई गेली तेव्हा क्रियेनंतर मी तुला सोडायला आले होते, तेव्हा पाहिला. तू त्याच्यावर पाय धूत होतास.’’

‘‘आणि वरवंटा?’’

‘‘तीन नंबरच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटतं. त्याला टेकण लावलाय.’’

मी लगेच म्हणालो की पुढच्या रविवारी पाटा गाडीत घालून हरमलला आणतो. मला त्यात एक प्रसंग दिसू लागला होता.

‘‘नको रे,’’ ती पाव मोडत म्हणाली. ‘‘मिक्सर आहे माझ्याकडे. तू नुसता ये.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी जाऊन तो दगड उलटा केला. कमरेत उसण भरली, पण दगड उलटला. खालच्या बाजूला टाकीचे ठोके स्पष्ट होते, ओळीनं, मातीनं भरलेले. पन्नास वर्षं मी त्याच्या पाठीवर उभा राहून पाय धुतले होते. बायको दारात येऊन उभी राहिली.

‘‘पाटा आहे हा,’’ मी म्हणालो.

‘‘मग? लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघतेय मी.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुम्हांला ठाऊक नाही हे मला कुठं ठाऊक!’’ असं म्हणून ती मलम आणायला आत गेली.

पुढच्या रविवारी मी एकटाच हरमलला गेलो. मोसम सुरू झाला होता. रस्त्यावर भाड्याच्या स्कुटरांची रांग आणि बहिणीच्या अंगणात चादरींची रांग. ती दोरीवर चादरी घालत होती. मला पाहून तिनं स्टुलाकडे बोट केलं. मी बसलो. काय बोलायचं त्याची मी बसमध्ये तयारी केली होती, मुद्देसुद्धा काढले होते. त्यातला पहिला मुद्दा माफीचा होता. तो मी बोलून टाकला. लाल शाईबद्दल, आणि कचेरीतल्या बाकावर भांडीकुंडी म्हणालो त्याबद्दलही.

तिनं चादर झटकली. ‘‘त्या दिवशी मी तुला विचारत होते की आईच्या वस्तूंमधलं तुला काय हवं. तू ऐकलंच नाहीस.’’

‘‘नाही ऐकलं.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. तो विषय तिनं तेवढ्यावर सोडला. मला वाटतं, मी आणखी थोडा वेळ अपराधी राहायला तयार होतो, पण तिला कामं होती.

मग तिनं विचारलं, ‘‘बाबा संध्याकाळी काय करायचे रे?’’

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी सांगू लागलो. ते घरी आले की आधी न्हाणीत जायचे, अंगावरची खाणीची तांबडी धूळ जाईपर्यंत पाणी ओतायचे. मग जनेलाशी बसून चहात पाव बुडवून खायचे. पावाचा वरचा कडक भाग स्वतः खायचे, आतला मऊ भाग कुत्र्याला टाकायचे. रेडिओवर बातम्या लावायचे आणि बातमी देणाऱ्याशी भांडायचे. ती हातातली चादर तशीच धरून ऐकत होती. एवढं लक्ष देऊन माझं रसग्रहणसुद्धा कुणी ऐकलं नसेल.

‘‘आता तू सांग,’’ मी म्हटलं.

ती म्हणाली, ‘‘तुझा दहावीचा निकाल लागला ना, त्या दिवशी आई सकाळीच चालत निघाली आणि पेडण्याला पोचून पेपर घेऊन आली. तुझा नंबर शोधला. तो सापडेपर्यंत बोलली नाही. मग सगळ्या वाड्यावर पेढे वाटले.’’

‘‘पण माझा नंबर तिला कुणी दिला?’’

‘‘बाबांनी.’’

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

‘‘चिठ्ठीवर लिहून पाठवलेला, बसच्या कंडक्टरकडे. नुसता आकडा. दुसरं काही नाही. माझ्या निकालाच्या वेळी आईनंही तसाच पाठवलेला. तुला ठाऊक नाही?’’

मला ठाऊक नव्हतं. मी ज्या घरात राहत होतो, तिथं हे चाललं होतं, आणि मी तेव्हापासूनच इतरांच्या कवितांमध्ये सूचकता शोधत होतो. मी चष्मा काढून पुसला. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

थोड्या वेळानं, चादरीच्या पलीकडून, तिनं विचारलं, ‘‘दादा, खरं सांग. ते माझ्याबद्दल विचारायचे कधी?’’

वर्गात असा प्रश्न आला असता तर मी होकारार्थी, परिणामकारक उत्तर दिलं असतं. पण मला खरंच आठवावं लागलं. नावानिशी त्यांनी तिच्याबद्दल विचारलेलं मला आठवत नव्हतं, आणि ते मी तसंच सांगितलं. तिनं आणखी एक चादर दोरीवर टाकली. मी मात्र आठवत राहिलो आणि मग एक गोष्ट वर आली.

‘‘मे महिन्यात मी इथून परत गेलो की ते विचारायचे, ‘तुझ्या कुठवर लागते आता?’ मी हातानं दाखवायचो. खांद्याला लागते, कानाला लागते. ते माझ्या हाताकडे बघायचे आणि मान हलवायचे. दर वर्षी.’’

‘‘हातानं दाखवायचास?’’

‘‘हो. एका वर्षी तू माझ्याहून उंच झालीस बघ, मी चौदाचा होतो तेव्हा. त्या वर्षी मी खोटं दाखवलं. कपाळापर्यंत.’’

चादरीमागची दोरी हलली. मग ती हसायला लागली. चादर बाजूला करून आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसतच होती. ‘‘म्हणजे ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं मी बुटकी आहे?’’

‘‘तुझ्या लग्नाला आलेले ना. तेव्हा पाहिलं असेल.’’

‘‘मांडवाच्या मागे उभे होते. मी बसलेली होते रे, दादा!’’

एवढ्यात दोन नंबरच्या खोलीतली परदेशी बाई बाहेर आली आणि खुणांनी बालदी मागू लागली. बहीण आत जाता जाता मला म्हणाली, ‘‘बसून काय राहिलास? त्या वाळलेल्या काढ आणि घड्या घाल.’’

मी घातल्या. चार चादरींना मला बराच वेळ लागला. ती परत आली, माझ्या घड्या पाहिल्या आणि चारही उलगडून पुन्हा घालायला बसली.